मशीन फुकट, शाई मात्र आमचीच: बॅच कोडिंग मशीनच्या भाडेयोजनांचं परीक्षण

गोव्यात ‘लीज’ म्हटलं की आधी खाण आठवते. पण वेर्णा, कुंडई, मडकई, पिळर्ण, डिचोली, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या पॅकिंगच्या शेडमध्ये शिरा, लाईनच्या शेवटी स्टीलचं एक छोटं कपाट उभं दिसेल. त्यातून एक जाड काळी नळी निघालेली आणि नळीच्या टोकाला टॉर्चएवढं हेड. समोरून सरकणाऱ्या बाटलीवर, पाकिटावर, खोक्यावर ते न टेकता बॅच नंबर, तारीख आणि एमआरपी मारत असतं. हे सीआयजे, म्हणजे कंटिन्युअस इंकजेट कोडर. त्यानं दांडी मारली की लाईन उभी राहते, कारण तारखेविना माल दारातून बाहेर काढता येत नाही. औषधं, काजू, आगळ, बिअर, फेणी, सगळ्यांची हीच गत.

हे मशीन विकत घेण्यापेक्षा भाड्यानं लावून घेण्याकडे लहान-मध्यम कारखान्यांचा कल असतो, आणि पुरवठादारांनाही तेच हवं असतं. बाजारात फिरणाऱ्या योजना बहुतेक तीन साच्यांतल्या. पहिली, ठरावीक मासिक भाडं आणि शाई पुरवठादाराकडूनच. दुसरी, दर छपाईला इतके पैसे, त्यात सगळं आलं. तिसरी, मशीन ‘फुकट’, फक्त वर्षाला इतके लिटर शाई उचलायची. इथं कुठल्या कंपनीचं नाव घेतलेलं नाही. परीक्षण आहे ते करारांचं, कारण कपाटावरचा लोगो बदलला तरी करारातली कलमं फारशी बदलत नाहीत.

आधी मशीन नेमकं काय खातं ते बघू. हे कळल्याशिवाय कुठलाच दर स्वस्त की महाग ते ठरवता येत नाही.

पंप शाईला सुमारे ३ बार दाबानं ६०-७० मायक्रॉनच्या नोझलमधून ढकलतो. नोझलमागचा पिझो क्रिस्टल, म्हणजे विजेनं थरथरणारा स्फटिक, हलतो आणि शाईची धार सेकंदाला साठ हजारांहून जास्त थेंबांत तुटते. अक्षरासाठी लागणाऱ्या थेंबांना विद्युतभार दिला जातो, काही हजार व्होल्टच्या पट्ट्या त्यांना वाकवतात आणि ते मालावर जाऊन बसतात. बाकीचे थेंब सरळ समोरच्या गटरमध्ये पडून टाकीत परत जातात. छपाई चालू असो वा नसो, धार चालूच. त्यामुळे शाईतला सॉल्व्हंट, बहुतेक वेळा एमईके (मिथिल इथिल कीटोन), सतत उडत राहतो, शाई घट्ट होते आणि मशीन स्वतःहून ‘मेकअप’, म्हणजे ताजा सॉल्व्हंट, ओढून ती पातळ करतं.

आता हिशेब. एका लिटर शाईत ढोबळमानानं शंभर कोटी थेंब. सात ठिपके उंच आणि पाच ठिपके रुंद अक्षराला पंधरा-सोळा थेंब लागतात. म्हणजे लिटरला सहा कोटींहून जास्त अक्षरं. तीस अक्षरांचा कोड असेल तर एका लिटरात वीस लाख पाकिटं होतात. लहान कारखान्याला ही शाई वर्षभर पुरावी. मेकअपचं गणित मात्र वेगळं. तो पाकिटांवर नाही, तासांवर जातो. मॉडेल, शाई आणि शेडमधली उष्णता पाहून तासाला ४ ते १० मि.ली. रोज आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस, तासाला ५ मि.ली. धरले तरी महिन्याला एक लिटर मेकअप. तुम्ही दहा हजार पाकिटं मारा नाहीतर तीन लाख.

सगळ्या योजनांची मेख इथं आहे. मशीनचा खरा खर्च तासांवर चालतो आणि करार मात्र छपाई मोजतो, लिटर मोजतो किंवा महिने मोजतो. पुरवठादाराचा फायदा या दोन मापांमधल्या फटीत असतो.

पहिली योजना घेऊ. समजून घेण्यापुरते आकडे धरूया: मशीनची किंमत ४ लाख, भाडं महिन्याला १२,००० आणि मुदत छत्तीस महिने. म्हणजे ४ लाख ३२ हजार भाड्यातच गेले, आणि मशीन मुदतीनंतरही त्यांचंच. बाजारात शाई लिटरला ४,००० आणि मेकअप २,००० ला मिळतो असं धरलं, तर महिन्याला तीन लाख पाकिटांसाठी शाईचे ६०० आणि मेकअपचे २,००० होतात. करारातल्या बांधील शाईचा आणि मेकअपचा दर दुप्पट असेल तर याच दोन गोष्टींना ५,२०० लागतील. फरक महिन्याला २,६००. छत्तीस महिन्यांचे ९३,६००. भाड्याच्या घासाघीशीत पाचशे रुपये कमी करून घेतल्याच्या आनंदात हा आकडा कोणी मांडत नाही.

हे नवं नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये बूट शिवणाऱ्या कारखान्यांनी हाच करार पन्नासेक वर्षं पाळला. १८९९ मध्ये बुटांची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या एकत्र येऊन युनायटेड शू मशिनरी उभी राहिली. तिची महत्त्वाची यंत्रं विकतच मिळत नसत, फक्त भाड्यानं. १९५३ मध्ये न्यायाधीश वायझॅन्स्की यांनी निकाल दिला तेव्हा अमेरिकेतल्या बूटयंत्रांच्या मागणीपैकी ७५ टक्क्यांहून अधिक, बहुधा ८५ टक्के, ही एकटी कंपनी भागवत होती. निकालात नुसत्या मोठेपणाला दोष दिलेला नाही. बोट ठेवलंय ते करारातल्या कलमांवर. दहा वर्षांची मुदत. काम असेल तोवर यंत्र पूर्ण क्षमतेनं वापरलंच पाहिजे, ही अट. यंत्र परत करताना आकार, आणि त्या जागी युनायटेडचंच दुसरं यंत्र घेणाऱ्याला मिळणारी वागणूक प्रतिस्पर्ध्याचं यंत्र बसवणाऱ्यापेक्षा सौम्य. शिवाय दुरुस्तीचे वेगळे पैसे नाहीत, त्या भाड्यातच.

आपल्याकडच्या कोडरच्या करारात ही चारही कलमं वेगळे कपडे घालून येतात. ‘लॉक-इन पीरियड’ म्हणजे मुदत. ‘मिनिमम मंथली बिलिंग’ म्हणजे पूर्ण क्षमतेच्या अटीची धाकटी बहीण. ‘डी-इन्स्टॉलेशन अँड फ्रेट’ म्हणजे परतीचा आकार. आणि ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह सर्व्हिस इन्क्लूडेड’ म्हणजे फुकटची दुरुस्ती.

या चौथ्या कलमापाशी थोडं थांबायला हवं, कारण गिऱ्हाइकाला तेच सगळ्यात आवडतं. आवडण्यात चूकही नाही. युनायटेडची दुरुस्तीसेवा चांगली होती, हे निकालानंही नाकारलं नाही. भांडवल नसलेला माणूससुद्धा भाड्याच्या यंत्रांवर बुटांचा कारखाना काढू शकत होता, हेही खरं. पण दुरुस्ती भाड्यात आली की बाहेरच्या मेकॅनिकला कोण पैसे देणार? स्वतंत्र दुरुस्ती करणारे तयारच झाले नाहीत. ते नाहीत म्हटल्यावर नव्या यंत्रकंपनीला स्वतःच सेवेचं जाळं विणावं लागणार, म्हणून नवी कंपनी येईना. आणि यंत्र विकलंच जात नसल्यामुळे जुन्या यंत्रांचा बाजारही नाही. कोर्टानं युनायटेडचे तुकडे केले नाहीत. बेव्हर्ली गावात एकच कारखाना, धातू ओतायची एकच शाळा, एकच प्रयोगशाळा; त्याचे तीन भाग करणार कसे? त्याऐवजी हुकूम निघाला: भाडेकराराची मुदत पाच वर्षांहून जास्त नको, यंत्रं विकतही द्या आणि दुरुस्तीचे पैसे वेगळे लावा.

गोव्यात ही तिसरी गोष्ट मागून घेण्यासारखी आहे. करारात सेवेचा आकार वेगळ्या ओळीत लिहून मागा. भाडं ९,५०० आणि सेवा २,५००, असं लिहून मिळालं तर पुढं सेवा नको म्हणता येते, किंवा इंजिनिअर वेळेवर आला नाही तर नेमके किती कापायचे हे तरी कळतं. सरसकट १२,००० मधून काय कापणार? ‘सिस्टीममध्ये तशी सोय नाही’ असं उत्तर येईल. सोय असते.

इंजिनिअर येतो कुठून, हेही विचारून ठेवा. गोव्यात राहणारा असेल तर प्रश्नच नाही. बेळगाव, हुबळी किंवा पुण्याहून येणार असेल तर ‘चोवीस तासांत सेवा’ या ओळीचा अर्थ जुलैत बदलतो. चोर्ला घाटात झाड पडलं किंवा अनमोडला माती आली की चोवीसाचे बहात्तर तास होतात आणि करारातलं ‘नैसर्गिक आपत्ती’चं कलम पुढं केलं जातं. यावर उपाय म्हणजे बदली मशीन. बहात्तर तासांत दुरुस्ती झाली नाही तर दुसरं मशीन, नाहीतर त्या दिवसांचं भाडं माफ. मागितल्यावर हे मिळतं, छापील मसुद्यात नसतं.

दुसरी योजना, दर छपाईमागे पैसे. ही जुनी युक्ती आहे. लायमन ब्लेकनं १८५८ मध्ये तळवा शिवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. गॉर्डन मॅकेनं ते विकत घेऊन यंत्र सुधारलं आणि अमेरिकन यादवी युद्धात सैन्याला बूट हवे होते तेव्हा कारखान्यांना जोडामागे रॉयल्टी लावून ते वापरायला दिलं. शंभर वर्षांनी झेरॉक्सनं तेच कागदावर केलं. १९५९ चं ९१४ मॉडेल महिना ९५ डॉलरला, त्यात २,००० प्रती धरलेल्या, पुढच्या प्रत्येक प्रतीला ४ सेंट. यंत्रावर मीटर. विकत घ्यायचं तर किंमत २९,५०० डॉलर, त्यामुळे घेणारे थोडेच. लोक दोन हजारांवर कुठले थांबायला. कंपनीची भरभराट मीटरवर झाली.

आपल्या आकड्यांत: छपाईला ५ पैसे दर असेल तर तीन लाख पाकिटांना १५,००० रुपये. याच कामाला बाजारभावाच्या शाईसह भाडं धरलं तर १४,६००. म्हणजे २ लाख ९० हजारांच्या आसपास दोन्ही योजना समसमान. त्याखाली छपाईदर परवडतो, वर भाडं. दहा लाखांवर गेलात तर छपाईदरानं ५०,००० होतील आणि भाड्याच्या योजनेत सारं मिळून १६,०००. कारण एका छपाईला लागणारी शाई पाव पैशाचीही नसते. म्हणून छपाईदर घ्यायचाच तर पायऱ्यापायऱ्यांचा घ्या: तीन लाखांपर्यंत ५ पैसे, पुढं १ पैसा.

मीटर काय मोजतं तेही तपासा. बहुतेक मशीनं प्रॉडक्ट डिटेक्टर म्हणजे फोटोसेल जितक्या वेळा कापला जाईल तितक्या छपाया धरतात. चकाकत्या पाकिटावरून उजेड परतला आणि सेन्सर दोनदा लागला तर दोन छपाया. लाईन सेट करताना मारलेले कोड, सणानंतर पहिल्या दिवशी तपासायला मारलेले कोड, सगळे मीटरवर. दर शंभर पाकिटांमागे मीटर किती चढतं ते मशीन बसवतानाच पाहा आणि ‘चाचणी छपाई वगळून’ हे शब्द करारात घालून घ्या.

हंगामी मालाला मात्र तिन्हींत हीच योजना बरी. कोकम, आंबा, काजू असं काम मार्च ते जूनपर्यंत जोरात आणि मग मंदावणारं असेल तर छत्तीस महिन्यांचं सपाट भाडं म्हणजे बंद लाईनचं भाडं. फक्त ‘किमान मासिक बिल’ शून्य तरी करून घ्या किंवा वार्षिक. ते महिन्याला एक लाख छपायांचं असेल तर योजना पुन्हा भाड्याचीच झाली.

तिसरी योजना, ‘फुकट’ मशीनची. हिला आम्ही सरळ नापास करू, एका अपवादासह.

मिठागरांच्या मुलखात याचं एक उदाहरण आपसूक आठवावं. अमेरिकेत इंटरनॅशनल सॉल्ट कंपनीकडे कारखान्यांसाठी मीठ विरघळवणारं आणि डब्यांत मीठ टाकणारं अशी पेटंट यंत्रं होती. ती भाड्यानं देताना अट अशी की त्यांत मीठ आमचंच टाकायचं. १९४७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती अट मोडीत काढली. अमेरिकन कॅन या कंपनीनं डबे बंद करायची यंत्रं डबाबंद माल बनवणाऱ्या कारखान्यांना स्वस्त भाड्यानं देऊन त्यांना आपल्याच डब्यांना बांधलं होतं. १९४९-५० मध्ये तेही सोडवलं गेलं. पण आपल्या शाईला सगळ्यात जवळचा खटला १९३६ चा, आयबीएमचा. पंचकार्डवर हिशेब करणारी त्यांची यंत्रं फक्त भाड्यानं मिळत आणि दुसऱ्याचं कार्ड वापरलं तर करार संपला. कंपनीचं म्हणणं, कार्डाची जाडी जराशी चुकली तरी यंत्र बिघडतं. न्यायालयाचं उत्तर सोपं होतं: कार्ड कसं हवं ते लिहून द्या, चांगलं कार्ड दुसऱ्यालाही बनवता येतं.

शाईचा पुरवठादार हाच युक्तिवाद करतो, आणि त्यात तथ्य आहे. चुकीच्या शाईनं नोझल चोंदतं, पंपाचे सील फुगतात, वाहकता कमी असेल तर थेंबाला भारच बसत नाही आणि ‘फेज फॉल्ट’ येतो. दोन रंगद्रव्यांच्या शाया टाकीत मिसळल्या तर दह्यासारख्या गाठी होतात आणि मग सगळी यंत्रणा धुवावी लागते. म्हणून मिळेल ती स्वस्त शाई ओता, असं कोणी सांगणार नाही. पण ‘आमचीच’ आणि ‘अशा गुणांची’ यांत फरक आहे. सॉल्व्हंट कोणता, कामाच्या तापमानाला व्हिस्कॉसिटी म्हणजे दाटपणा किती, वाहकता किती, रंग डायचा की पिगमेंटचा, एवढं लिहून मागा. देणारे पुरवठादार आहेत. जे देत नाहीत त्यांच्या कार्ट्रिजवर चिप असते: चिप जुळली नाही तर मशीन शाई घेतच नाही, आणि अर्ध्या भरलेल्या कार्ट्रिजचीही तारीख उलटली की तीच तऱ्हा. काही मॉडेलांत फिल्टरचं मॉड्यूलसुद्धा तासांवर कुलूपबंद असतं. १९३६ मध्ये कार्ड वापरू नका असं कलमात लिहावं लागे, आता तेच काम चिप करते, कराराच्या कागदावर एक ओळ न लिहिता. म्हणून नुसता करार वाचून भागत नाही. डेमोच्या वेळी कार्ट्रिज हातात घेऊन बघा.

‘फुकट’ योजनेत वर्षाला समजा २४ लिटर शाई आणि मेकअप उचलायची हमी असते. वरचा हिशेब पुन्हा पाहा: एक पाळी चालवणाऱ्या कारखान्याला वर्षाला मेकअप बारा लिटर आणि शाई दोन लिटरही लागत नाही. उरलेलं कपाटात पडून मुदत संपते. आणि एमईके ही पडून ठेवायची वस्तू नव्हे. शून्याखालच्या तापमानालाही पेट घेईल इतकी वाफ सोडते. अपवाद कोणाचा? तीन पाळ्या चालणाऱ्या आणि दोन-तीन लाईन असलेल्या कारखान्याचा. त्यांचा मेकअप खरोखर तेवढा जातो आणि दरावर घासाघीस करायची ताकदही असते.

युरोपात टेट्रा पाकचं प्रकरण वाचण्यासारखं आहे. दूध भरायचं यंत्र, त्याचं खोकं आणि दुरुस्ती, सगळं एकाच दोरीत. भाड्याची सुरुवातीची रक्कमच यंत्राच्या किमतीच्या जवळपास जाणारी. १९९१ मध्ये युरोपीय आयोगानं साडेसात कोटी एक्यू (युरोचा पूर्वज असलेलं हिशेबी चलन) दंड ठोकला आणि १९९६ मध्ये तिथल्या न्यायालयानं तो कायम केला. आपल्याकडे स्पर्धा कायदा २००२ चा. ‘टाय-इन’ करार आणि वर्चस्वाचा गैरवापर या दोन्हींवर त्यात कलमं आहेत, २००९ पासून लागू. पण बांधील शाई म्हणजे आपोआप बेकायदा नव्हे. बाजारातल्या स्पर्धेला लक्षणीय बाधा येते हे दाखवावं लागतं, आणि कोडरचे पुरवठादार चार-पाच असतील तर ते दाखवणं अवघड. सुट्या भागांच्या बाबतीत आपल्या स्पर्धा आयोगानं २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड लावला होता, कारण बाहेरच्या गॅरेजला भाग मिळत नव्हते. तो निकाल पुरवठादारांच्या कायदा विभागांना ठाऊक असतो. पत्रात एका ओळीत उल्लेख केला तरी पुरे. खटला लढण्यापेक्षा सहीच्या आधी कलम खोडणं स्वस्त पडतं.

सहीच्या आधी जीएसटीचंही बघा. मशीनच्या भाड्यावर १८ टक्के. औषध किंवा काजू कारखान्याला त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो आपल्या विक्रीवरच्या करातून वळता करता येतो, म्हणून तो आकडा दुर्लक्षिला तरी चालतो. पण पिण्याचं मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. फेणी किंवा बिअर भरणाऱ्याला क्रेडिट नाही. त्याचे १२,००० हे १४,१६० च. सेल्सच्या माणसाचा तक्ता सगळ्यांसाठी एकच असतो आणि त्यात कर वगळलेला असतो. दारूच्या धंद्यातल्यांनी करासकट तुलना करावी.

गोव्याच्या हवेचंही या मशीनशी वाकडं आहे. उडणारा सॉल्व्हंट हेड गार करतो आणि जून ते सप्टेंबर हवेतलं पाणी शाईत उतरतं. कोड फिका पडतो, बोटानं पुसला जातो, पट्ट्यांवर शाईचा लेप बसून हाय व्होल्टेज ट्रिप होतं. हेडला कोरडी, गाळलेली हवा देणारी जोडणी यासाठीच असते, आणि स्वस्त योजनेतून तीच गाळलेली असते. ती वेगळे पैसे देऊन घ्यावी. थंड बाटलीवर दंव असेल तर कुठलीही शाई टिकणार नाही. हेडच्या आधी एअर नाईफ, म्हणजे हवेच्या झोतानं पाणी उडवणारी पट्टी, लागते आणि ती मशीनच्या भाड्यात नसते. हेड आणि माल यांत साधारण १२ मि.मी. अंतर ठेवा. अर्थिंग स्वतंत्र हवं, नाहीतर प्लास्टिकच्या पाकिटावरच्या स्थिर विजेनं अक्षरं वाकडी पडतात आणि दोष शाईला जातो.

वीज जाणं ही वेगळी डोकेदुखी. मशीन बंद करायची रीत असते: ‘क्लीन स्टॉप’ दिला की ते नोझल आणि गटर सॉल्व्हंटनं धुऊन दोनेक मिनिटांत थांबतं. अचानक वीज गेली तर शाई नोझलमध्येच वाळते. १ केव्हीएचा यूपीएस लावला की एवढी दोन मिनिटं मिळतात. करारात बारीक अक्षरात ‘वीजपुरवठ्यामुळे झालेला बिघाड वगळून’ असं असतं, आणि पावसाळ्यातले बरेचसे चोंदलेले नोझल त्याच खात्यात घातले जातात. यूपीएस त्यांच्याकडूनच बसवून घेतला तर ती पळवाट बुजते. चवथीच्या आठवड्यात कारखाना बंद राहतो तेव्हा नुसता क्लीन स्टॉप पुरत नाही. हेड काढून मेकअपनं धुवा, वाळवा, पट्ट्या कोरड्या करा. परत आल्यावर धार गटरच्या मधोमध पडतेय का ते भिंगातून पाहूनच लाईन सुरू करा.

ज्याला मशीन घ्यायचंच आहे त्यानं विकतचा भावही मागावा, नुसता तुलनेसाठी. पेनसिल्व्हेनियातल्या हॅनोव्हर शू कंपनीनं युनायटेडवर दावा लावला तो नेमका याच फरकाचा: विकत मिळालं असतं तर इतके पडले असते, भाड्यात इतके गेले. ‘तुम्ही तो भार गिऱ्हाइकावर टाकलाच की’ हा युनायटेडचा बचाव १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फेटाळला. आपल्या धरलेल्या आकड्यांत: ४ लाखांचं मशीन, वर्षाला ३०,००० चं एएमसी (वार्षिक देखभाल करार), पाच वर्षांत साडेपाच लाख. महिन्याला ९,२०० च्या आसपास, आणि शेवटी मशीन तुमचं, विकायलाही मोकळे. कर्जाचं व्याज धरलं तर अंतर कमी होतं, पण चिप नसलेलं मॉडेल विकत घेतलं तर शाईत ते भरून निघतं.

आणि दिवसाला पाचशे पाकिटं होत असतील तर या सगळ्याची गरजच नाही. पाकिटाचं तोंड चिकटवणाऱ्या बँड सीलरवरचा घन शाईच्या रोलचा कोडर किंवा ४२ मि.ली. कार्ट्रिजचा हातातला थर्मल इंकजेट पुरतो. त्याला मेकअप नाही, धार नाही, घाटापलीकडचा इंजिनिअर नाही. काजूची अर्धा किलोची पाकिटं भरणाऱ्या लहान युनिटला सीआयजे भाड्यानं देणारा सेल्समन आपलं टार्गेट पूर्ण करत असतो. पुठ्ठ्याच्या आणि काचेच्या मोठ्या कामाला लेसर आहे, शाईच नाही; महाग आहे, धूर ओढणारी यंत्रणा लागते, पण शाईच्या कलमावर अडलेल्या वाटाघाटीत ‘लेसरचंही कोटेशन मागवलंय’ एवढं म्हटल्यानं दर हलतो.

मुदत संपायच्या वेळची काळजी आताच घ्या. बऱ्याच करारांत ‘साठ दिवस आधी लेखी कळवलं नाही तर बारा महिने आपोआप वाढ’ असतं. मशीन लागतं त्याच दिवशी मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये नव्वद दिवस आधीची आठवण टाका. परत देताना टाकी रिकामी करून घ्या, छपाईचा आणि तासांचा मीटर पडद्यावर आणून फोटो काढा, हेड, नळी, फोटोसेल आणि एन्कोडर (लाईनचा वेग मोजणारा भाग) यांची नावं गेटपासवर वेगवेगळी लिहा आणि नेणाऱ्याची सही त्याच कागदावर घ्या. डिपॉझिटमधून ‘एन्कोडर मिळाला नाही’ म्हणून कापलेले पैसे परत मिळवायचे तर हाच कागद लागतो.